औषध आणता येईल, पुढचं कोण बघणार? महालातल्या एका घरातलं लेकॅनेमॅबचं प्रकरण

रुग्ण ६८ वर्षांच्या गृहिणी, राहणार महाल, नागपूर. शिक्षण बी.ए., वजन ५४ किलो. रक्तदाब आणि मधुमेह, दोन्ही गोळ्यांवर आटोक्यात. निदान: अल्झायमरची सुरुवातीची पायरी. प्रश्न: अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेलं लेकॅनेमॅब हे अँटिबॉडी (शरीरातल्या एका ठरावीक पदार्थाला जाऊन चिकटणारं प्रथिन) औषध मागवून त्यांना नागपुरात द्यावं का? काळ २०२३-२४ चा हिवाळा. तेव्हा हे औषध भारतीय बाजारात नव्हतं.

मी औषधशास्त्र शिकवते, रुग्ण तपासत नाही. त्यांच्यावर उपचार करणारे मज्जाविकारतज्ज्ञ धंतोलीत बसतात. त्यांनी आणि घरच्यांनी मिळून मला बोलावलं ते शोधनिबंध वाचून साध्या भाषेत सांगण्यासाठी. घरच्यांची संमती घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे. रुग्णांना इथे काकू म्हणते, तिथेही तेच म्हणत होते.

भिशीची वही

विसरभोळेपणाची तक्रार काकूंनी स्वतः कधीच केली नाही. त्यांच्याकडे वीस बायकांची भिशी होती, महिन्याला दोन हजारांची, कित्येक वर्षं विनातक्रार चाललेली. दर महिन्याला चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिला चाळीस हजार द्यायचे आणि तिची चिठ्ठी डब्यातून बाजूला ठेवायची. एका महिन्यात ती बाजूला ठेवायची राहिली. दोन महिन्यांनी त्याच बाईचं नाव पुन्हा निघालं आणि काकूंनी पैसे तिच्यापुढे सरकवले. ती बाई भली, तिने परत केले. पण खोलीत शांतता पसरली ती पसरलीच.

मुलीने मग वही तपासली. डॉक्टरांकडे पहिल्या भेटीला ती रिपोर्टांच्या फाइलऐवजी ही वहीच घेऊन गेली होती. मी ती पाहिली. आधीच्या वर्षाच्या पानांवर आडव्या-उभ्या रेघा पट्टीने मारलेल्या, प्रत्येक नावापुढे तारीख, रक्कम, सही. नंतरच्या एका पानावर एकाच बाईचे दोन हजार दोनदा जमा, एकीचे आलेलेच नाहीत तरी बरोबरची खूण, आणि तळाशी बेरीज तीन वेळा खोडून चौथ्यांदा लिहिलेली. चौथीही चुकलेली. अक्षर मात्र शेवटपर्यंत वळणदार. स्मृतिभ्रंशाच्या चाचणीचे कागद मी बरेच पाहिले आहेत, पण व्यवहारातली घसरण इतकी स्वच्छ दाखवणारा कागद क्वचितच पाहिला.

डॉक्टरांनी आधी साध्या गोष्टी निपटल्या, आणि ते योग्यच होतं. बी-१२ कमी निघालं. शाकाहारी घरांत ते नेहमी निघतं. तीन महिने इंजेक्शनं झाली, पातळी वर आली, वहीत फरक पडला नाही. थायरॉइड ठीक, नैराश्य नाही. उजव्या कानाने कमी ऐकू येतं, त्याची नोंद झाली. एमएमएसई, म्हणजे स्मरण-आकलनाची छोटी चाचणी, ३० पैकी २५. एमआरआयमध्ये दोन्ही हिप्पोकॅम्पस (स्मरणाशी संबंधित भाग) आकसलेले आणि मेंदूच्या मागच्या भागात एक जुना सूक्ष्म रक्तस्रावाचा ठिपका. मग पाठीतलं पाणी काढून मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवलं: अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) ४२ आणि ४० यांचं गुणोत्तर कमी, फॉस्फोरिलेटेड टाऊ (याच रोगात बिघडणारं दुसरं प्रथिन) वाढलेलं. म्हणजे अल्झायमरच. एपीओई जनुकाची तपासणी पुढच्या निर्णयासाठी लागणार होती म्हणून तीही केली. ई४ ची, म्हणजे अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या प्रकाराची, दोनपैकी एक प्रत निघाली.

न्यू जर्सीतल्या मुलाने हे सगळं वाचलं आणि रात्री फोन केला. "मॅडम, आई ट्रायलच्या सगळ्या अटींत बसते. पैशाचं मी बघतो. मग अडचण काय आहे?"

तो खरंच बोलत होता. कागदावर त्या बसत होत्या.

अटी आल्या कुठून

लेकॅनेमॅब मेंदूतलं अमायलॉइड काढतं, म्हणून ते द्यायचं तर अमायलॉइड आहे हे आधी सिद्ध करावं लागतं, जनुक तपासावं असं सुचवलं जातं, सुरू करण्याआधी एमआरआय, मग, तेव्हाच्या नियमाप्रमाणे, पाचव्या, सातव्या आणि चौदाव्या सलाईनच्या आधी एमआरआय. मुलाला ही यादी म्हणजे कागदपत्रांची कटकट वाटत होती. मला मात्र तीत या औषधांचा जवळजवळ सगळा इतिहास दिसतो. एकेक अट एकेका फसलेल्या प्रयोगाने लिहिली आहे, म्हणून तो इतिहास मी त्या घरात सांगितला आणि इथेही सांगते.

१९९९ मध्ये उंदरांना अमायलॉइडचीच लस टोचली, तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या गाठी साचल्या नाहीत, साचलेल्या कमी झाल्या. तीच कल्पना माणसांवर आली ती एएन-१७९२ या नावाने. लस घेतलेल्या सुमारे ३०० जणांपैकी १८ जणांना मेंदू आणि त्याच्या आवरणाला सूज आली आणि २००२ मध्ये प्रयोग थांबवला. शरीराला स्वतः अँटिबॉडी बनवायला लावलं की किती बनतील आणि सोबत कोणत्या पेशी चवताळतील यावर ताबा राहत नाही. म्हणून पुढची पिढी बाहेर कारखान्यात बनवलेल्या अँटिबॉडीची आली. मात्रा मोजून द्यायची, नको वाटली तर थांबवायची. त्या लसीची आणखी एक गोष्ट फार बोलली जात नाही. लस घेतलेल्यांपैकी काहींचं पुढे शवविच्छेदन झालं. मेंदू गाठींपासून जवळजवळ मोकळा होता, तरी माणूस शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचला होता. अमायलॉइड गेलं म्हणजे रोग गेला, असं मानायला ते पहिलं हरकतपत्र.

मग बापिन्युझुमॅब. ते गाठींना धरायचं. त्याच्या प्रयोगांत एमआरआयवर मेंदूत पाणी साचल्यासारखे पांढरे डाग दिसू लागले, मात्रा कमी करावी लागली, आणि २०१२ मध्ये औषध निष्फळ ठरलं. त्या डागांना आज एरिया म्हणतात: सूज असेल तर एरिया-ई, रक्त झिरपलं असेल तर एरिया-एच. कारण समजायला अवघड नाही. अमायलॉइड फक्त मेंदूच्या पेशींच्या मधे नसतं, रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असतं. जुन्या वाड्याच्या भिंतीत शिरलेली पिंपळाची मुळं उपटली की सोबत माती निघते आणि भिंत गळू लागते, तसं अँटिबॉडीने ते अमायलॉइड ओढून काढताना वाहिनी गळते. ई४ जनुक असणाऱ्यांच्या वाहिन्यांत ते जास्त असतं, म्हणून त्यांना धोका जास्त. सुरुवातीच्या महिन्यांत एमआरआय दाटीने का करायचे, ते इथे कळतं.

सोलानेझुमॅब सुट्या, विरघळलेल्या अमायलॉइडला धरायचं. तेही पडलं, २०१६ मध्ये आणि लक्षणं दिसण्याआधीच्या टप्प्यात पुन्हा २०२३ मध्ये. त्या काळच्या प्रयोगांत आणखी एक घोळ उघडकीला आला: अल्झायमर म्हणून घेतलेल्या बऱ्याच जणांच्या मेंदूत अमायलॉइड नव्हतंच. त्यानंतर पेट स्कॅन (मेंदूतलं अमायलॉइड दाखवणारा) किंवा पाठीतल्या पाण्याशिवाय कोणाला आत घेणं बंद झालं. काकूंच्या पाठीत सुई गेली ती या कारणाने.

अदुकॅनुमॅबची कथा मी मुलाला मुद्दाम सविस्तर सांगितली, कारण अमेरिकेची मान्यता म्हणजे शेवटचा शब्द असं त्याच्या बोलण्यात येत होतं. सारख्याच आराखड्याचे दोन प्रयोग, मार्च २०१९ मध्ये दोन्ही निरुपयोगी म्हणून बंद. नंतर कंपनीने आकडे पुन्हा पाहिले आणि एकात फायदा दिसतो असं म्हटलं, दुसऱ्यात नाही. सल्लागार समितीने नकार दिला. तरी जून २०२१ मध्ये अमेरिकी नियामकाने त्वरित मान्यता दिली आणि समितीतल्या तिघांनी राजीनामे दिले. वर्षाला ५६,००० डॉलर किंमत ठेवली होती, ती निम्म्यावर आणूनही कोणी फारसं घेतलं नाही. २०२४ च्या जानेवारीत कंपनीने ते सोडून दिल्याचं जाहीर केलं. ही बातमी आमच्या बैठकीनंतर थोड्याच दिवसांत आली आणि मुलाचा पुढचा फोन जरा मऊ होता.

लेकॅनेमॅब वेगळं कशात

ते उभं राहिलं स्वीडनमधल्या एका कुटुंबावर. त्या घरात अल्झायमर लवकर यायचा, आणि लार्स लानफेल्ट यांच्या गटाला त्यांच्यात एक जनुकीय बदल सापडला. त्या बदलामुळे पक्क्या गाठींपेक्षा त्यांच्या आधीचे अर्धवट जुळलेले तंतू, म्हणजे प्रोटोफिब्रिल, जास्त बनत होते. मग खरं विष या तंतूंत असेल, असा तर्क झाला आणि त्यांनाच घट्ट धरणारी अँटिबॉडी तयार केली.

२०२२ च्या अखेरीस निकाल आला. १,७९५ जण, १८ महिने, दर दोन आठवड्यांनी किलोमागे १० मिलिग्रॅम. अमायलॉइड इतकं खाली आलं की सरासरीने पेट स्कॅन नकारार्थी म्हणावं. आणि रोगाची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. वर्तमानपत्रांत हाच आकडा आला आणि मुलाच्या डोक्यात हाच बसला होता.

मी कागद घेऊन मोजपट्टी मांडली. सीडीआर-एसबी नावाच्या या मोजमापात सहा खाती असतात: स्मरण, काळ-स्थळाचं भान, निर्णय आणि अडचणी सोडवणं, बाहेरचे व्यवहार, घर आणि छंद, स्वतःची निगा. प्रत्येकी ० ते ३, एकूण १८. जितके जास्त तितकी अवस्था वाईट. डॉक्टरांनी काकूंना दिलेले गुण असे: स्मरण १, भान ०.५, निर्णय १ (इथे भिशीची वही कामी आली), बाहेरचे व्यवहार ०.५, घर ०.५, निगा ०. बेरीज ३.५. प्रयोगातल्या लोकांची सुरुवातीची सरासरी ३.२ होती, म्हणजे त्या अगदी त्यांच्यातल्याच.

१८ महिन्यांत सलाईनमध्ये नुसतं पाणी घेणाऱ्यांची अवस्था १.६६ ने बिघडली, औषध घेणाऱ्यांची १.२१ ने. फरक ०.४५. म्हणजे काकूंच्या बाबतीत, सगळं सरासरीने गेलं तर, ५.२ ऐवजी ४.७. या मोजपट्टीवर एका खात्यातली सर्वांत लहान पायरीच अर्ध्या गुणाची. फरक तिच्याहूनही कमी.

म्हणून तो शून्य आहे का? मी तसं म्हटलं नाही आणि मानतही नाही. दीड वर्षात साधारण पाच महिने मागे राहणं, हे ज्याच्या घरी हा आजार आहे त्याने ठरवावं, माझ्यासारखीने नव्हे. पण २७ टक्के सुधारणा, असा जो समज होता तो काढणं भाग होतं. सुधारणा कोणातच अपेक्षित नव्हती. बिघाडाचा वेग कमी, एवढंच.

स्त्री-पुरुष वेगळे पाहिले तर पुरुषांत ४३ टक्के आणि बायकांत १२ टक्के, असा तुकडा त्याच निबंधाच्या पुरवणीत आहे. अशा तुकड्यांवर निर्णय बेतायचा नसतो, प्रयोग त्या प्रश्नासाठी आखलेला नव्हता. तरी समोर बसलेली बाई असेल तर तो लपवणं मला बरोबर वाटलं नाही. सांगितला.

धोका: एरिया-ई एकूण १२.६ टक्के, ई४ ची प्रत नसेल तर ५.४, एक असेल तर १०.९, दोन असतील तर ३२.६. बहुतेकांना काही जाणवत नाही, फक्त एमआरआयवर दिसतं. काकूंचा आकडा मधला. ठिपका एकच, आणि चारपर्यंत चालतात. रक्त पातळ करणारी गोळी नाही. इथपर्यंत "देऊ नका" म्हणावं असं काहीच नव्हतं.

मुलाने मधेच विचारलं, अमायलॉइड सोडून दुसऱ्या कशावर अँटिबॉडी नाही का? आहेत, आणि त्यांची अवस्था जास्त बिकट. टाऊ पेशीच्या आत असतं, अँटिबॉडी बाहेर फिरते. सेमोरिनेमॅब, गोसुरानेमॅब, टिलाव्होनेमॅब यांच्या हाती ठोस काही लागलं नाही. पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्युक्लीन या त्या रोगात साचणाऱ्या प्रथिनावरच्या दोन अँटिबॉडींचे निकाल २०२२ मध्ये आले, दोन्ही मुख्य कसोटीत नापास. त्यातही रक्तातून मेंदूत पोचते ती दिलेल्या अँटिबॉडीच्या हजारातला एखादा हिस्सा. बाकी सगळी रक्तातच फिरत राहते.

नागपुरात ते चालवायचं कसं

आता मुख्य भाग. आणायचं कसं, हे मुलाने शोधून ठेवलं होतं: स्वतःच्या वापरासाठी फॉर्म १२-अ मध्ये अर्ज, मग १२-ब चा परवाना. हा रस्ता कायदेशीर आहे, कर्करोगाची आणि दुर्मीळ आजारांची औषधं लोक असेच मागवतात. किंमत ७५ किलोच्या माणसासाठी वर्षाला २६,५०० डॉलर, तेव्हाच्या भावाने जवळपास २२ लाख. काकूंना ५४० मिलिग्रॅम लागणार. कुप्या येतात ५०० आणि २०० च्या. दर वेळी २०० च्या तीन फोडायच्या आणि ६० मिलिग्रॅम टाकून द्यायचं. जावई हिशोबी माणूस, त्याचा चेहरा इथे पहिल्यांदा पडला.

कुप्या २ ते ८ अंशांत राहायला हव्यात. मुंबईहून पुढचा प्रवास, मे महिन्यातला नागपूरचा ४५ अंशांचा पारा, वीज गेली तर घरचा इन्व्हर्टर फ्रिज ओढेल का. हे प्रश्न सुटणारे होते. इन्सुलिन आणि लसी इथे रोजच सांभाळल्या जातात. मला काळजी वेगळ्या जागी होती, आणि ती बसून सुटणार नव्हती. म्हणून मुलगी आणि मी प्रत्यक्ष फिरलो.

पहिली जागा, एमआरआय केंद्र, रामदासपेठेत. मशीन चांगलं, रक्ताचे ठिपके दाखवणारा एसडब्ल्यूआय क्रमही रोज होतो. रेडिओलॉजिस्ट तरुण, हुशार. म्हणाले, "एरिया वाचलाय मॅडम, पण एकही केस पाहिली नाही. आधीचा स्कॅन शेजारी ठेवून काही मिलिमीटरचा नवा ठिपका शोधायचा, तर दर वेळी तेच मशीन, तेच सेटिंग आणि शक्यतो तोच माणूस हवा. मी सुटीवर असलो तर?" प्रामाणिक उत्तर होतं. हा प्रश्न प्रयत्नाने सुटला असता, असं मला आजही वाटतं.

दुसरी जागा, रात्री साडेदहाच्या सुमारास, घरापासून सगळ्यांत जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा कॅज्युअल्टी विभाग. झटका आला तर ॲम्ब्युलन्स इथेच येणार. ड्यूटीवरच्या डॉक्टरला मुलीने विचारलं, "सर, ६८ वर्षांची बाई, अचानक उजवा हात लुळा, बोलता येत नाही, तासाभरात आणली. काय कराल?"

तो चटकन म्हणाला, "सीटी करू. रक्तस्राव नसेल आणि साडेचार तासांच्या आत असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लगेच. उशीर करत नाही आम्ही."

अगदी बरोबर उत्तर. परीक्षेत पूर्ण गुण मिळावेत असं. आणि लेकॅनेमॅबवर असलेल्या माणसासाठी जीवघेणं ठरू शकेल असं.

२०२३ च्या जानेवारीत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक पत्र छापून आलं. ६५ वर्षांची बाई, ई४ च्या दोन प्रती, लेकॅनेमॅबच्या तीन सलाईन झालेल्या. शेवटच्या सलाईननंतर चार दिवसांनी पक्षाघाताची लक्षणं, रुग्णालयात टीपीए हे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, आणि ते चालू असतानाच मेंदूत ठिकठिकाणी रक्तस्राव. ती वाचली नाही. तिच्या वाहिन्यांच्या भिंती अमायलॉइडने भरलेल्या निघाल्या. वर पंचाईत अशी की एरियाची लक्षणंही पक्षाघातासारखी दिसू शकतात आणि साध्या सीटीवर ती सूज सहज निसटते. एमआरआय हवा, रात्री हवा, तासाभरात हवा, आणि समोरच्याला हे औषध माहीत हवं.

मुलीने हे त्या डॉक्टरला सांगितलं तेव्हा त्याने मोबाइलमध्ये नाव टिपून घेतलं आणि स्पेलिंग दोनदा विचारलं. त्याचा काहीच दोष नव्हता. जे औषध शहरात कोणालाच दिलेलं नाही, त्याचा इशारा त्याने लक्षात का ठेवावा? त्याची ड्यूटी बदलली की पुढच्याला कोण सांगणार? काकूंच्या गळ्यात कार्ड अडकवता आलं असतं. पण काका ७४ वर्षांचे, मुलगी सक्करदऱ्याला राहते, आणि अशा घाईत कार्ड कोण वाचतं हे आपण सगळे जाणतो.

औषध स्वस्त झालं तर हे बदलेल का, असं जावयाने विचारलं. रिटुक्सिमॅब या कर्करोगावरच्या अँटिबॉडीची देशी आवृत्ती भारतात २००७ मध्येच आली, पुढे ट्रॅस्टुझुमॅबची आली. उद्या हीदेखील येईल, किंमत उतरेल. कॅज्युअल्टीतलं ज्ञान मात्र कुपीत भरून येत नाही. पहिल्या रुग्णाला ते नेहमीच कमी पडतं, दहाव्याला कमी कमी पडत जातं. काकू पहिल्या ठरल्या असत्या.

रविवारची बैठक

डॉक्टर, काका, मुलगी, जावई, मी, आणि टीव्हीवर व्हिडिओ कॉलमधून मुलगा. काकूंनी तर्री पोहे केले होते. मीठ दोनदा पडलं होतं, कोणी बोललं नाही.

तासभर आकडे चालले. काकू ऐकत होत्या, मधे उठून चहा ठेवून आल्या. मग मला म्हणाल्या, "पोरी, मला एकच सांग. हे घेतल्यावर गेलेलं परत येते का? भिशी मी पुन्हा चालवू शकीन का?"

"नाही काकू. परत येणार नाही. आहे ते जरा हळू जाईल."

"किती हळू?"

"दीड वर्षात पाचेक महिने. तेही सगळ्यांचं मिळून सरासरीने. तुमचं नेमकं कोणीच सांगू शकत नाही."

"आन् दर पंधरा दिवसाला सुई?"

"हो. आणि सुरुवातीला बरेचदा त्या एमआरआयच्या बोगद्यात."

त्या थोडा वेळ काकांकडे बघत राहिल्या. "मग कशाले बाप्पा. ह्यांनी त्या धंतोलीच्या चकरा मारून मारून आपलं ब्लड प्रेशर वाढवून ठेवलंय. मी नाही घेत."

मुलगा चिडला. "आई, तू असं एका मिनिटात नाही ठरवू शकत. मॅडम, तुम्ही तिला आधीच घाबरवून ठेवलंत." त्याच्या बाजूने बघितलं तर राग समजतो. दूर बसलेल्या मुलाच्या हातात पैसे पाठवणं एवढंच असतं, आणि आम्ही तेही काढून घेत होतो. मुलगी त्याच्यावर उखडली: "तू तिकडून औषध पाठवशील, रात्री दोन वाजता त्या डॉक्टरशी भांडायला मी जाईन."

माझं मत डॉक्टरांनी स्पष्ट विचारलं. मी "नको" म्हटलं, आणि कारणही सांगितलं: फायदा लहान आहे म्हणून नव्हे, तर लहान फायद्यासाठी ज्या सुरक्षेच्या जाळ्यात प्रयोग झाला ते जाळं इथे तेव्हा विणलेलं नव्हतं. डॉक्टरांचा कौल काठावर होता. ते म्हणाले, रुग्ण ई४ विना असत्या तर मी एकदा जोखीम घेतली असती. मला ते पटलं नाही, कारण कॅज्युअल्टीतला प्रश्न जनुक बघून येत नाही. पण उपचार करणारा आणि वाचणारा यांत हा फरक राहणारच.

निर्णय काकूंचा. त्यांची निर्णयक्षमता शाबूत असल्याची नोंद डॉक्टरांनी त्याच दिवशी केसपेपरवर केली. हे महत्त्वाचं होतं. वर्षभराने तोच प्रश्न विचारला असता तर अशी नोंद करता आली असती की नाही, सांगता येत नाही.

पुढे काय झालं

डोनेपेझिल ही अल्झायमरची जुनी गोळी सुरू झाली, कानाचं मशीन आलं, रक्तदाबाची गोळी वाढली. भिशी मुलीने हातात घेतली. चिठ्ठी अजून काकूच काढतात. अठरा महिन्यांनी सीडीआर-एसबी ५.५, एमएमएसई १९. अँटिबॉडी घेतली असती तर हा आकडा किती असता, हे एका रुग्णावरून कोणालाच काढता येत नाही आणि तसा प्रयत्न मुलाने केला तेव्हा मी साथ दिली नाही.

दरम्यान जग पुढे गेलं. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत डोनानेमॅबला मान्यता मिळाली: महिन्यातून एकदाच द्यायचं, गाठी गेल्या की थांबवता येतं, पण एरिया-ई २४ टक्के. युरोपच्या औषध संस्थेने लेकॅनेमॅबला आधी नकार दिला, मग ई४ च्या दोन प्रती असणाऱ्यांना वगळून होकार. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी नियामकाने तिसऱ्या सलाईनच्या आधी आणखी एक एमआरआय करायला सांगितला. अटींची यादी एका ओळीने वाढली. त्याच महिन्यात पुढच्या टप्प्यासाठी आठवड्याला घरी टोचायचं इंजेक्शनही मंजूर झालं. माझं लक्ष सध्या ट्रोन्टिनेमॅबवर आहे: या अँटिबॉडीला ट्रान्सफेरिन रिसेप्टर (केशवाहिन्यांच्या भिंतीवरची, लोह आत नेणारी जागा) धरणारा भाग जोडलेला आहे, त्यामुळे ती केशवाहिन्यांतून मेंदूत शिरते. सुरुवातीच्या अभ्यासात अमायलॉइड झपाट्याने उतरलं आणि एरिया-ई पाच टक्क्यांच्या खाली राहिलं. मोठ्या प्रयोगांत ते टिकलं तर वर मांडलेलं गणित मला नव्याने मांडावं लागेल.

मुलाने २०२५ च्या पावसाळ्यात पुन्हा विचारलं. आता उत्तर सोपं होतं आणि त्यामुळेच सांगायला जड. लेकॅनेमॅबच्या प्रयोगात एमएमएसई २२ च्या खालच्यांना घेतलंच नव्हतं. काकू त्या रेषेच्या पलीकडे गेल्या आहेत.

नवा प्रश्न मुलीने आणला. ती ४१ वर्षांची. आईला ई४ ची एक प्रत आहे, तर मी तपासू का? मी तिला सांगितलं की ई४ असणं म्हणजे रोग होणारच असं नाही, नसणं म्हणजे होणार नाही असंही नाही. लक्षणं नसलेल्यांत लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब दोन्हींचे प्रयोग चालू आहेत. ते यशस्वी झाले तर तिच्या वयाच्या माणसांसाठी हा प्रश्न वेगळ्या वजनाचा होईल. आज निकाल काहीही आला तरी मी तिला सांगेन त्या गोष्टी त्याच राहतात: रक्तदाब, साखर, ऐकू येणं, चालणं, झोप. तिने ते लिहून घेतलं आणि म्हणाली, तपासणीचं दिवाळीनंतर बघू, आधी बाबांना मोतीबिंदूसाठी न्यायचं आहे.